झोंबतंय म्हणजे लागू पडतंय

"तोंडाला काय लावतेस गं?" डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीला विचारलं. उत्तर मी दिलं. एकोणीस वर्षं सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर काढलीत, मला कोण गप्प बसवणार!

"सकाळ-संध्याकाळ फेसवॉश, मग टोनर, मग क्रीम. मी स्वतः लावते. एक दिवस चुकवत नाही."

"टोनर कशाला?"

मला हसूच आलं. एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते? "अहो, राहिलेला मळ निघतो, चेहऱ्यावरची छिद्रं आवळतात!"

त्यांनी मी आणलेली बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "यात स्पिरिट आहे. पोरीच्या गालांची पार सालटी निघालीत. आजपासून बंद. आणि तसंही तोंड नीट धुतलं की बहुतेकांना टोनर लागत नाही."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. लागत नाही? मग मी इतकी वर्षं काय विकत होते?

"झोंबत नव्हतं का तुला?" त्यांनी लेकीला विचारलं.

"झोंबायचं की." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण आई म्हणते, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

आई गं! वाक्य माझंच होतं. गिऱ्हाइकानं 'स्स' करून गाल मागे घेतला की मी हेच म्हणायचे, दिवसातून वीसदा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला ते पढवलं होतं. खरं आहे का, हे विचारायचं काही सुचलं नाही मला.

दुपारी कामावर गेले. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई दर दोन महिन्यांनी येतात, त्या आल्या. "संपली हो बाटली, दुसरी द्या."

हात सवयीनं वर गेला आणि तिथेच थांबला. "तुम्हाला झोंबतं का हो?"

"मिरची चोळल्यासारखं! पण तुम्हीच म्हणता ना..."

"मग नका लावू."

"अगं बाई! रोज लावायलाच हवं म्हणून माझ्या मानगुटीवर बसला होतात तुम्ही!"

"चुकलं माझं," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

मागून सुपरवायझर साहेब आले. "ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"नाही वाटत," मी म्हटलं.

संध्याकाळी लेकीला खुर्चीत बसवलं, कापूस साध्या पाण्यात भिजवला. तिनं डोळे मिटले, मान वर केली आणि मांडीवरच्या दोन्ही मुठी घट्ट आवळल्या, अंगठे आत घेऊन. मी हबकलेच. चार वर्षं रोज दोनदा हा चेहरा पुसला मी. तिच्या हातांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"नुसतं पाणी आहे गं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. पण मुठी काही सोडल्या नाहीत.