फटीत कोंबलेली लोकर

डोंगरातल्या माणसाला थंडीची अक्कल शिकवायला खालचीच माणसं पुढे. रेडिओवर बोलणारा तो कोण होता, त्याने इथल्या मोखोतलोंगच्या डोंगरात एक हिवाळा तरी काढला असेल का, देव जाणे. दारं-खिडक्या घट्ट लावा, बाहेर पडू नका, घर गरम ठेवा, असं तो पुन्हा पुन्हा बजावत होता. आणि तांकिसो ते मान हलवत ऐकत होता. त्याच्या जिवाला घोर लागला होता. बर्फाने घाट अडवलेला, बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पोचवता आलं नव्हतं. मामोहाऊ सासरीच बाळंत झाली. मुलगा झाला.

दारावर बोरूचा दांडा खोचला होता, आत बाळंतीण असल्याची खूण. बोरू खोचलेल्या घरात पुरुषाने जायचं नाही. वाटा तुडवून त्याचे पाय तापलेले असतात, ते लेकराला बाधतात. यात बापालाही सूट नाही. तांकिसोने पोराचं तोंड पाहिलं नव्हतं, भिंतीला कान लावून नुसतं रडणं ऐकलं होतं. आत जायची ती एकटी त्याची आई.

मग बापाने करायचं काय? जे बाहेरून करता येईल ते त्याने केलं. खाणीत राबून त्याने विटांचं, पत्र्याचं घर बांधलं होतं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये फट होती, तिच्यातून वारा शीळ घालत आत शिरायचा. आपल्या लांब केसांच्या बकऱ्यांची विकायला ठेवलेली लोकर त्याने काढली आणि मूठमूठ करत त्या फटीत कोंबली. वरून शेणमाती लिंपली. लिंपतानाच ती बोटांवर गोठत होती. शेजारचा म्हातारा लेसोले, सगळ्यांचा न्ताते म्हणजे बाबा, कुंपणाशी उभा राहून म्हणाला की माझ्या म्हातारीच्या अंगावर इतकी लोकर नाही रे, भिंतीचं नशीब मोठं. तांकिसोही हसला.

शेगडी म्हणजे भोकं पाडलेला डबा. गोवऱ्या आणि दगडी कोळसा बाहेर पेटवायचे, धूर जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की डबा आत न्यायचा. धूर गेला की धोका गेला, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेंबड्या पोराला चुकीचं ठाऊक आहे, त्याच्या बापाला आणि आज्यालाही. घर गरम ठेवा म्हणणाऱ्याला खरं काय ते सांगायला जीभ झाली नाही.

दुपारी आई डोकं धरून बाहेर आली आणि अंगणातच ओकली. जागरण सोसत नाही आता, म्हणाली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मामोहाऊची हाक आली.

"अहो, डोकं फुटतंय माझं. मळमळतंय."

"थंडी भरली असेल. पांघरून पड. आणखी शेगडी पाठवतो."

त्याने दुसरा डबा पेटवला. मायेने पेटवला, फुंकून फुंकून पेटवला. आई तो आत ठेवून आली आणि आपल्या झोपडीत जाऊन आडवी झाली. तांकिसोने एकदा कडीला हात लावला होता. तेवढ्यात पलीकडून आई ओरडली, "बोरू दिसत नाही का तुला?" त्याने हात मागे घेतला.

सकाळी त्याने हाका मारल्या. कुणी ओ देईना. तेव्हा बोरू, पाय, बाधा, सगळं झुगारून तो आत घुसला. पोराचं तोंड त्याने पहिल्यांदा पाहिलं ते असं. मामोहाऊला त्याने ओढत बर्फात आणलं. बाहेरच्या वाऱ्यात तिने श्वास घेतला. पोराने घेतला नाही.

तान्हं मूल बायकाच पुरतात, घरामागे. पुरुष तिथे जात नाहीत. तिथेही तांकिसो नव्हता.

मामोहाऊ म्हणजे मोहाऊची आई. हे नाव सासू लग्नातच ठेवते, पोर मागून येतं. आता पोर गेलं आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला त्याच नावाने हाक मारत होती.

घाट मोकळा झाल्यावर तो तिला दवाखान्यात घेऊन गेला, तिचे हात थरथरत होते म्हणून. नर्सने घर कसं आहे ते विचारलं, शेगडीचं विचारलं. मग त्याला बाजूला नेऊन सांगितलं की थंडीने नाही गेलं पोर. लाल निखाऱ्यातही विष असतं, त्याला ना वास ना धूर. वीतभर खिडकी उघडी असती तरी चाललं असतं. बायकोला मी सांगू का, असं तिने विचारलं. मी सांगतो, तो म्हणाला.

नाही सांगितलं. मामोहाऊ मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, मला झोप लागली, पांघरूण सरकलं, थंडीने नेलं माझ्या लेकराला. बायका चुकचुकायच्या. तांकिसो तिथेच बसून जमिनीकडे बघायचा.

हिवाळा सरता सरता पुन्हा वादळ आलं. भर दुपारी लेसोले बर्फ झटकत दारात उभा राहिला. त्याची लेक बाळंत झाली होती.

"लोकर उरली असेल तर दे बाबा. तू भिंत भरली होतीस तशीच भरतो. पोरासाठी बापाने काय करावं ते तुझ्याकडून शिकावं."

मामोहाऊ कोपऱ्यातलं पोतं आणायला उठलीसुद्धा. नाही म्हणायला तांकिसोला कारण सुचेना. मग त्याने खरं तेच सांगितलं.

"भरू नका, न्ताते. शेगडी बाहेर काढा आणि खिडकी उघडा. माझं पोर थंडीने नाही मेलं. कोंडलेल्या शेगडीने मेलं. फटी मी बुजवल्या."

म्हातारा वळला आणि बर्फातून धडपडत पळाला.

मामोहाऊच्या हातात पोतं तसंच होतं.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"दवाखान्यापासून."

तिने पोतं खाली ठेवलं. मग हळू आवाजात, जणू अजून हिशेब लागत नसावा तशी, म्हणाली,

"मग मी रोज सगळ्यांना सांगत होते, की मला झोप लागली... तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात."

तांकिसो बसलेलाच होता. त्याच जागेवर.