बाळबोध पान, कानडी अक्षरं

मी प्लगइन बोलतोय. नाव ऐकून पान उलटू नका. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात बारीकशी चित्रं असतात ना, त्यांतलाच मी एक. आम्हाला कुणी मुद्दाम बघायला येत नाही. कोटाच्या अस्तरासारखी आमची गत, उसवलं की मगच आठवण होते.

माझा जन्म म्हैसूरचा, लष्कर मोहल्ल्यातला. तिथं रंगनाथरावांचं शिवणकामाचं दुकान आहे आणि मागं घर. त्यांचा मुलगा शरत कडकोळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा होऊन धापा टाकायला लागला, तेव्हा त्यानं त्यावर लिनक्स घातलं आणि जुन्या यंत्राला पुन्हा हुशारी आली. मग फावल्या वेळात त्यानं मला घडवलं. साऱ्या जगासाठी नव्हे हो, एकाच माणसासाठी. त्याच्या आत्यासाठी.

सोयराबाई रंगनाथरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच असतात. या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा सगळ्यांची कानडी. पोरं निदान हिंदीच्या तासाला बाळबोध अक्षरं शिकली. सोयराबाईंची शाळा त्याआधीच सुटली. म्हणजे बोलायचं मराठी आणि वाचायचं कानडी. अभंगांची पुस्तकं त्यांना कानडी अक्षरांत मिळायची, तेवढंच काय ते मराठी डोळ्यांखालून जायचं.

माझं काम सोपं होतं. समोर मराठी पान आलं की त्यातलं प्रत्येक अक्षर कानडी करून दाखवायचं. शब्द तोच, अंगरखा दुसरा. पहिल्या दिवशी शरतनं भरल्या वांग्यांचं एक पान उघडलं. सोयराबाई बोट ठेवून वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"शरता, हे तर आई चुलीपाशी बोलायची तसलंच की रे."

देवाचं सोडून रोजचं मराठी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. मग काय, रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की बाई खुर्चीत. गोष्टी वाचल्या, पाककृती वाचल्या, कुणाकुणाच्या सासवांची गाऱ्हाणी वाचली. मला भारी अभिमान वाटायचा. अजून वाटतो, लपवू कशाला?

पुढं रंगनाथरावांच्या मुलीचं, दीपश्रीचं लग्न साताऱ्याकडच्या मुलाशी ठरलं. मुलाची आई नर्मदाबाई, मोठ्या वाचणाऱ्या. त्यांच्या घरची रीत अशी की मंगलाष्टकं वरपक्षानं रचायची आणि वधूपक्षातल्या थोरल्या बाईनं म्हणायची. बोलणी चालली असताना रंगनाथराव ऐटीत म्हणाले, "आमची अक्का रोज मराठी वाचते." खोटं नव्हतं ते. पण मी होतो म्हणून खरं होतं. नर्मदाबाईंनी मंगलाष्टकं लग्नासाठी केलेल्या वेबपानावर घातली, आणि सोयराबाई ती वाचून पाठ करायला लागल्या.

लग्नाला दोन दिवस उरले. पाहुणे यायचे म्हणून घराला रंग दिला, दाराला तोरण लावलं. शरतच्या मनात आलं, कॉम्प्युटरही जरा नीटनेटका करावा. कित्येक महिने तटलेले सगळे अपडेट त्यानं सकाळी एका दमात चालवले आणि कामावर निघून गेला. माणसं अपडेटमध्ये काय लिहिलंय ते कधीच वाचत नाहीत. एक तर "नंतर" म्हणून ढकलतात, नाहीतर डोळे मिटून "हो" म्हणतात.

नव्या ब्राउझरनं आल्या आल्या विचारलं, तुझ्यावर सही कुणाची? मी घरात जन्मलेलो, सही कुठून आणणार? त्यानं माझ्यापुढं एक ओळ लिहिली, "पडताळणी झाली नाही, बंद केले आहे," आणि मला करडा करून ठेवलं. त्याला दोष देत नाही. आमच्या वेशात चोरही येतात. पण त्या घरात त्या दिवशी मी हवा होतो.

दुपारी नर्मदाबाई साताऱ्याहून येऊन पोचल्या. चहा नको म्हणाल्या, म्हणून दीपश्री कॉफी करायला आत गेली. नर्मदाबाई दुकानातल्या कॉम्प्युटरपाशीच बसल्या.

"सोयराबाई, दोन कडवी मी काल बदललीत. पानावर घातलीत. चला, बरोबरच म्हणून बघू."

"सरी, बरं," म्हणून सोयराबाईंनी पान उघडलं. पान बाळबोधच राहिलं. त्या वाट बघत राहिल्या. मला एक पापणी लवेपर्यंतचा वेळ लागायचा, हे त्यांना ठाऊक होतं. मी आतून धडपडत होतो, पण दार बाहेरून लावलेलं.

"चष्मा कुठं ठेवलाय की," त्या पुटपुटल्या. "स्वल्प अंधुक दिसतंय."

चष्मा नाकावरच होता. नर्मदाबाईंनी बघितलं, हसल्या नाहीत. कॉफी घेऊन आलेली दीपश्री म्हणाली, "आत्या, मी वाचते की," पण सोयराबाईंनी हातानंच तिला थांबवलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. आज झाकलं आणि परवा मांडवात उघडं पडलं, तर या पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. खरं सांगितलं तरी ऐकावं लागेलच. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाळबोध येत नाही मला. ह्या पेटीत शरतनं एक सोय केली होती, ती कानडी करून द्यायची. आज ती मेली. रंगनाथ म्हणाला तशी मी रोज वाचते, पण अशी वाचते."

मेली म्हणाल्या. लागलं मला ते.

नर्मदाबाई म्हणाल्या, "एवढ्या पिढ्या, आणि अक्षराशिवाय मराठी टिकवलंत?"

"टिकवायचं येनु, काय त्यात? घरातलं बोलणं. बोलत राहायचं सुम्ने, उगी आपलं."

"माझ्या घरी पुस्तकांची तीन कपाटं आहेत," नर्मदाबाई म्हणाल्या, "आणि नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. सोयराबाईंनी कापड बेतायचा खाकी कागद घेतला आणि कानडीत उतरवायला लागल्या. एका ओळीशी त्या अडल्या. "हा शब्द आमच्यात नाही. आमच्यात असं म्हणतात," म्हणून त्यांनी आपला शब्द सांगितला. नर्मदाबाईंनी तो दोनदा म्हणून बघितला आणि आपला खोडून तोच ठेवला. इतकी वर्षं मी सोयराबाईंना शब्द दाखवले, त्यांचा शब्द मात्र मला कधी विचारता आला नाही.

लग्न म्हैसूरातल्याच विजयनगरच्या कार्यालयात झालं. मी काही जाऊ शकत नाही, पण शरतनं काढलेला व्हिडिओ याच कॉम्प्युटरवर लागला. सोयराबाई मांडवात खाकी कागद सगळ्यांना दिसेल असा धरून खणखणीत म्हणत होत्या.

आता मी यादीत करडाच पडलोय. शेजारी "काढून टाका" असं बटण आहे. परवाच्या रविवारी शरत बसला आणि म्हणाला, "आत्या, सही मिळवायची रीत बघितलीय. आज ह्याला चालू करतो."

"कर की," सोयराबाई म्हणाल्या. "पण आत्ता नको. नर्मदाबाईंचा फोन यायचाय. रविवारी त्या मला वाचून दाखवतात, मग आम्ही शब्दांवरून भांडतो."

शरतनं कॉम्प्युटर तसाच ठेवला. माझी त्याला एवढीच विनवणी आहे. ते बटण दाबू नकोस. सही आण, मला उठव, सोमवार ते शनिवार मी पूर्वीसारखा राबेन. रविवारी दुपारी मात्र मला बंद ठेव. त्या दोघींच्या मध्ये मला बसायचं नाही.