पेंडीवर पोसलेल्या माद्या

तुळसानं भिगवणच्या बाजारात तीस वर्षं मासे कापले होते. थंडीत रोहूचं पोट उघडलं की नर असो वा मादी, आतड्याभोवती पिवळी चरबी. उन्हाळा सरता सरता मादीची चरबी गाबोळीत, अंड्यांच्या पिशवीत, जिरलेली, नराची मात्र बरीचशी जागच्या जागी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

आता कळंबला त्यांची रोहूची दोन शेततळी होती. एक नवरा नाना बघायचा, दुसरं ती. नानानं उभा जन्म म्हशी केलेल्या, तेव्हा गाभण म्हशीला चारावी तशी त्यानं माद्यांना दोन्ही वेळ शेंगदाणा पेंड चारली. माद्या टम्म फुगल्या. तुळसानं होळीनंतर खाद्याला हात आखडला, तर "माशास्नी उपास धरायला लावलाय हिनं," म्हणून त्यानं गावभर चेष्टा केली.

जूनच्या तोंडावर माशांची पिल्लं तयार करणाऱ्या हॅचरीचा ऋषिराज अंड्यांसाठी वीस माद्या निवडायला आला. अंडी भरपूर निघाली तर दरसालची मागणी यांच्याकडंच राहणार होती. नाही निघाली तर पुन्हा कुणी दारात उभं राहिलं नसतं. नानाच्या तळ्यातल्या माद्या बघून ऋषिराज खूष झाला.

"थांबा," तुळसा म्हणाली. "ह्या माद्यांच्या पोटात गाबोळी न्हाय. चरबी हाय. वरनं पेंड मिळत राहिली, ती जिरलीच न्हाय."

"तू गप गं!" नाना खेकसला.

"काकू, एवढी खात्री?" ऋषिराज हसला.

"त्यातली सगळ्यात जाडी द्या हिकडं. भरली गाबोळी निघाली तर माझं तळं ह्यांच्या हवाली."

नानानं स्वतः निवडून मादी दिली. तुळसानं कोयत्यानं पोट उघडलं. चरबीच चरबी, आणि तिच्याआड करंगळीएवढी खुरटलेली गाबोळी. ऋषिराजचं हसू मावळलं. मग तुळसाच्या तळ्यातली मादी त्यानं हातात घेतली. पोट मऊ होतं, जरा दाबताच अंड्यांचे चार दाणे तळव्यावर आले. वीसच्या वीस माद्या त्यानं तिथूनच घेतल्या.

"नर मातूर ह्यांच्या तळ्यातलं न्या," तुळसा म्हणाली. "बाप्यांच्या पोटाला चरबी असली म्हणून एवढं काम अडत न्हाय."

ऋषिराज खो खो हसला. नानाला हसावं की रागवावं कळेना. वही उघडून ऋषिराजनं विचारलं, "नाना, नाव तुमचंच लिहू ना?"

"तिचं लिव्हा," नाना म्हणाला. "मला म्हस कळती. मासा तिला कळतो."

तुळसाला भरून आलं. तिच्या हाताला वास मारतो म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं पाव्हण्यांत तिचा धंदा सांगायचाही टाळत आला होता.