ग्लेनिसची ट्रॉली

जून महिना माझ्या डोक्यात जातो. लोक म्हणतात ऊन आहे, फुलं आहेत, समुद्रावर जा. मी कशाला जाऊ? शनिवारी दुपारी तीन वाजता माणसाने करायचं काय, ते आधी कोणीतरी सांगावं. सामने नाहीत, गुणतक्ता नाही, शिव्या द्यायला पंचसुद्धा नाही. उरते ती नुसती चर्चा. कोण येणार, कोण जाणार, क्लबच्या मालकाच्या खिशात आहे किती. बाजारात तुरी, आणि आम्ही रोज एकमेकांच्या उरावर बसलेले.

आमचा फुटबॉल क्लब थॉर्नबेक टाउन चौथ्या श्रेणीत खेळतो, तिसरीची स्वप्नं बघतो आणि पाचवीला घाबरतो. उन्हाळ्यात आमचा अड्डा क्लिफच्या भाजीच्या वाफ्यांवर. कालव्याला लागून पालिकेने भाड्याने दिलेली जमीन आहे, तिथे क्लिफ घेवडा लावतो आणि गोगलगायींशी वैर धरतो. तो जन्मभर पोस्टमन होता, मी जन्मभर बस चालवली. शौकतचं बाजारात मटणाचं दुकान आहे, दुपारी ते बंद करून तो आमच्यात येतो. चौथी ग्लेनिस. मैदानावर आमच्या चौघांच्या खुर्च्या एका रांगेत आहेत, आणि नवरा गेल्यापासून ग्लेनिस त्याच्याही वाटच्या शिव्या घालते.

त्या मंगळवारी ती अजून यायची होती.

"आपल्याला स्ट्रायकर हवा," क्लिफ म्हणाला. "गेल्या मोसमात आपल्या गोलांपेक्षा माझ्या घेवड्याला शेंगा जास्त लागल्या."

"स्ट्रायकर आणून काय दिवे लावणार?" मी म्हणालो. "पुढे तीन घालायचे आणि मागे चार खायचे. आधी गोलकीपर आणा."

"एका चेंडूवरून त्या पोराला फासावर देऊ नकोस."

"तो एक चेंडू कुठला होता ते सांग की."

कुठला ते थॉर्नबेकमधलं शेंबडं पोरही सांगेल. मे महिन्यातला शेवटचा सामना, शेवटची मिनिटं, बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या श्रेणीच्या शर्यतीत होतो. लांबून एक चेंडू आला, म्हातारीनेही पदराने अडवला असता असा. आमच्या गोलकीपरच्या, फिनच्या हातांतून सुटला, पायांमधून गेला आणि आमचा मोसम घेऊन गेला.

"वॉल्ट, हळू," शौकत म्हणाला. "ग्लेनिस येईल."

कारण फिन ग्लेनिसकडे राहतो. बाहेरगावच्या पोरांची सोय क्लब गावातल्या घरांमध्ये करतो. एक खोली, दोन वेळचं जेवण, आणि आई नाही तरी आईसारखी कोणीतरी. ग्लेनिसच्या मागच्या खोलीत अशी कितीतरी पोरं राहून गेली. फिन, म्हणजे फिनबार, आयर्लंडमधल्या कॉर्कहून आला त्याला दोन वर्षं झाली. आता सुट्टीसाठी घरी गेला होता आणि गुरुवारी परतणार होता.

क्लबात काय चाललंय हे सगळ्या गावाआधी ग्लेनिसला कळतं, आणि तिच्या तोंडून एक अक्षर फुटत नाही. फोडून बघितलंय आम्ही. म्हणून गाव तिच्या तोंडाकडे बघतच नाही, सुपरमार्केटातल्या तिच्या ट्रॉलीकडे बघतं. शितावरून भाताची परीक्षा. एका वर्षी तिने खारवलेला सुका मासा घेतला, आणि आठवड्यात पोर्तुगालचा विंगर हजर. एकदा ओटचं दूध घेतलं, तर दूध न पचणारा स्कॉटिश डिफेंडर आला. फिन यायच्या आधी तिने आयरिश सॉसेज शोधत तीन दुकानं पालथी घातली, तेव्हाच आम्ही ओळखलं होतं. बायका भाज्यांच्या रांगेआडून तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. तिलाही ते माहीत आहे. एकदा मुद्दाम तिने शॅम्पेनची बाटली ठेवली होती, तर दोन दिवस गाव झोपलं नव्हतं.

"सांगायला नको खरं तर," शौकत म्हणाला, आणि आम्ही दोघंही पुढे सरकलो. "काल ती दुकानात आली होती. मेंढीचा खांदा घेतला. वर विचारते, फ्रिजमध्ये डुकराच्या मांसाशेजारी ठेवला तर चालतो का? मी म्हटलं, कप्पा वेगळा कर, वर ठेव."

क्लिफने खुरपं खाली टाकलं. तो ग्लेनिसच्या घरासमोरच राहतो. "शनिवारी तिच्याकडे गादी आली. लांबलचक. दोघांनी मिळून वर नेली."

"मग?"

"मग काय? लांब गादी म्हणजे उंच माणूस. हलाल मटण म्हणजे मुसलमान. स्ट्रायकर आला, वॉल्ट!"

"उंच गोलकीपरही असतो."

"गोलकीपर आहे की तिच्या घरात. एका घरात दोन कोण ठेवेल?"

बोलणं बिनतोड होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा क्लिफ तिथेच फोन काढून बसला. बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीत त्याला एक सहा फूट पाच इंच उंचीचा सेनेगाली स्ट्रायकर सापडला. त्याचं नाव क्लिफला नीट उच्चारता येईना, पण चाहत्यांच्या साईटवर ते टाकायला उच्चार लागत नाही. शौकत "अरे थांब" म्हणेपर्यंत बातमी गेलीसुद्धा. संध्याकाळी केस कापायला गेलो तर न्हाव्याकडे त्या स्ट्रायकरचं गाणं तयार होतं.

त्याआधी, दुपारीच, ग्लेनिस वाफ्यांवर आली ती कशी तरीच आली. क्रेटवर बसली, मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या आणि दाण्यांऐवजी टरफलं भांड्यात टाकू लागली.

"ग्लेनिस, मेंढीचा खांदा किती वेळ शिजवतेस गं?" क्लिफने डोळा मारला.

"तुझं तोंड बंद होईपर्यंत." एरवी तीही यावर हसली असती. "वॉल्ट, गाडी आणलीस ना? मला घरी सोड."

गाडीत ती बराच वेळ पर्सचा बंद पिळत बसली. मग म्हणाली, "तुला सांगते, कारण कोणाला तरी सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. नवा मुलगा शुक्रवारी संध्याकाळी येतोय. गोलकीपर आहे."

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. अख्खा उन्हाळा मी हेच तर मागत होतो. मग डोकं चाललं.

"आणि फिन?"

"माझ्याकडे खोली एकच आहे, वॉल्ट."

दुसरी एक आहे, पण तिच्यात शिलाई मशीन आहे आणि नवऱ्याच्या खेळण्यातल्या आगगाड्या. तिथे मांजरही आडवं होऊ शकत नाही.

"त्याला सांगितलंय?"

"शुक्रवारी सकाळी क्लबवाले सांगणार. त्याला वाटतंय, नव्या करारावर सही करायला बोलावलंय. सहीच्या वेळी फोटो काढतात ना, म्हणून आईने नवा शर्ट घेऊन दिलाय. फोनवर मला रंग सांगत होता." तिने पर्सचा बंद सोडून दिला. "गुरुवारी तो माझ्या घरी येणार, हसणार, जेवणार, वर जाऊन झोपणार. आणि मी काय करू? बटाटे वाढू?"

"सांगून टाक त्याला."

"शब्द दिलाय क्लबला. इतकी पोरं राहिली, एकदा तोंड उघडलं नाही. आता उघडलं तर पुढचं पोर माझ्याकडे कोण ठेवेल? रिकाम्या घरात बसू मी?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि तो गोल गेला तेव्हा मीही त्याला शिवी दिली होती. तू ऐकलीस."

ऐकली होती. पण तिच्याआधी मी दिली होती, आणि जास्त घाणेरडी.

दोन दिवस मला बसवेना. बागेतलं गवत कापलं, परत कापलं. बायको म्हणाली, आता मुळं तरी ठेव. क्लिफचा फोन आला की मी उचलत नव्हतो. गोलकीपर मिळाला होता, मी बरोबर ठरलो होतो, आणि ते सांगायला तोंड नव्हतं.

गुरुवारी ग्लेनिसच्या सांगण्यावरून मी फिनला आणायला स्टेशनवर गेलो. चेहरा उन्हाने लाल झालेला, खांद्यावर बॅग, आणि हातात इस्त्रीचा शर्ट हँगरसकट, चुरगळू नये म्हणून उंच धरलेला. गाडीत बसताच म्हणाला, "वॉल्ट, स्ट्रायकर येतोय म्हणे! सहा फूट पाच इंच. आता पुढे पाच घाला, मी मागे चार सोडले तरी चालतील."

"हं," मी म्हणालो.

"मिसेस एचकडेच राहणार ना तो?" ग्लेनिसला तो मिसेस एच म्हणतो. " आगगाड्यांची खोली रिकामी केली का त्यांनी? मला सांगायचं होतं, मी हलवू लागलो असतो."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. आयुष्यभर बस चालवली, पण इतक्या हळू कधी नाही. निदान आज तरी थॉर्नबेकचे सगळे सिग्नल लाल मिळावेत म्हटलं, तर एकूण एक हिरवा.

ग्लेनिसने दारातच त्याला मिठी मारली आणि ती जरा जास्त वेळ सोडली नाही. "जेवण होतंय, बाळा. बॅग वर ठेवून ये."

तो शीळ घालत जिना चढला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहिलो. वर आगगाड्यांच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ते लगेच बंद झालं. मग त्याच्या खोलीचं दार वाजलं. शीळ थांबली.

त्याच्या पलंगावर ती लांब गादी होती. शुक्रवार सकाळपर्यंत ती जिन्याखाली उभी करून ठेवता आली असती, ग्लेनिसच्या घरात तेवढी जागा आहे. तिने ती का ठेवली नाही, हे मी तिला विचारलं नाही, आणि आजही विचारणार नाही. ती माझ्याकडे पाठ करून बेसिनशी उभी होती आणि धुतलेली कपबशी पुन्हा धूत होती.

फिन खाली आला तेव्हा चेहऱ्यावरची लाली उतरली होती. कोणाकडे न बघता त्याने फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात मेंढीचा खांदा होता, शौकतच्या दुकानाचा कागद गुंडाळलेला, आणि त्याला खेटून फिनची आयरिश सॉसेज. तो बघत उभा राहिला. ग्लेनिसच्या ट्रॉलीवरून भविष्य सांगणारं सगळं गाव एकीकडे आणि दोन वर्षं त्या फ्रिजमधून खाल्लेला हा पोरगा एकीकडे.

"उंच आहे का तो?" त्याने विचारलं.

"मला काही माहीत नाही, बाळा," ग्लेनिस म्हणाली. बेसिनमध्ये बघत.

"हो. बरोबर आहे. तुम्ही काही सांगू नका." फ्रिजचं दार त्याने धरूनच ठेवलं होतं. "मला उद्या सांगतील ना, तेव्हा मी दचकेन. जमेल मला. तुम्ही सांगितलंत असं कोणाला वाटणार नाही."

मग त्याने सॉसेजची पाकिटं बाहेर काढली. बेकनही काढलं. मटण ओट्यावर ठेवलं, फडकं ओलं केलं आणि वरचा कप्पा पुसायला घेतला. कोपरे, कडा, सगळं. "आमच्या अकादमीत यासिन होता," तो म्हणाला. "त्याच्या घरमालकिणीने सगळं एकत्रच ठेवलं होतं. महिनाभर बिचारा टोस्ट खाऊन राहिला, सांगायची लाज वाटायची म्हणून. हा कप्पा त्याचाच ठेवा, मिसेस एच. कपाटातलं छोटं पातेलंही वेगळं काढा. मी त्यात बेकन परतत नव्हतो, ते चालेल."

ग्लेनिस मटकन खुर्चीत बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. फिन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, दुसऱ्या हातात फडकं तसंच. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी सॉसेजच्या पाकिटावरचं छापील सगळं वाचून काढलं.

"वाया कशाला घालवायची?" शेवटी तो म्हणाला आणि त्याने मोठा तवा चढवला. आम्ही तिघांनी ती सगळी सॉसेज संपवली. भूक कोणालाच नव्हती.

शुक्रवारी सकाळी क्लबवर त्याला मीच सोडलं. त्याने नवा शर्ट घातला होता, फिकट निळा. मी शर्टाकडे बघितलं, तर म्हणाला, "आईने घेतलाय. घालायला तर हवा."

दारापाशी गाडी थांबवली. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. दोन रात्री त्यावर घालवल्या होत्या, आणि तोंडातून आलं ते हे.

"त्या शेवटच्या सामन्यात चेंडू ओला होता, फिन. कोणाच्याही हातून सुटला असता."

त्याने कॉलर नीट केली आणि दार उघडलं.

"ऊन होतं, वॉल्ट," तो म्हणाला, आणि दचकायला आत गेला.