मुकट्यातली मोहिनी

मथुराबाईंची कूस उजवली नव्हती, हे शुक्रवार पेठेत विहिरीवरच्या कावळ्यालाही ठाऊक होतं. तरी सासूबाई, तुळजाबाई, घरात सवत आणायला राजी नव्हत्या. "देवानं सांगितलं तर बघू," एवढंच म्हणायच्या. तेव्हा पेशव्यांच्या दफ्तरात कारकुनी करणाऱ्या त्यांच्या लेकानं, अनंतरावांनी, देवाच्या बोलण्याची सोय केली. मोहिनीविद्या जाणणारा एक गोसावी घरी आणला.

दुपारी शेजारपाजार जेवून उठला. अनंतराव मात्र उपाशी, रेशमी मुकटा नेसून, कडकडीत सोवळ्यात पाटावर बसले. गोसाव्यानं समईच्या ज्योतीकडे बघायला लावलं आणि अंगाई म्हणावी तशा एकाच सुरात सुरू केलं, "पापण्या जड झाल्या... देह गळाला..." अनंतरावांची मान कलली. दंडावर बाभळीचा काटा टोचला तरी हूं की चूं नाही. बायकांनी हात जोडले.

"बोल, देवा," गोसावी म्हणाला.

"मांजरी गावच्या कुलकर्ण्यांची धाकटी," अनंतराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तिला सून करून आणा."

देवाला मुलीचं गाव, घराणं, थोरली की धाकटी, सगळं पाठ! तुळजाबाईंनी सुस्कारा सोडला. "देवाचा शब्द मोडवत नाही. उद्या मांजरीला माणूस धाडते."

मथुराबाई उष्टी काढत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "महाराज, इकडे आता काय काय कळतं?"

"काही नाही, माई. फक्त माझा आवाज. भूक नाही, वेदना नाही, सोवळं-ओवळं नाही."

"मग घाम टिपते हो. हात खरकटे आहेत, पण चालेल म्हणायचं."

त्या पुढे झाल्या मात्र, देव टुणकन पाटावरून उडाला. "अगं अगं, शिवशील! अक्कल आहे का?" डोळे अजून मिटलेलेच होते.

कुणीतरी पदरात हसलं. गोसावी वरमला, पण खोटं बोलला नाही. "माई, मोहिनी खरी. काटा खरंच बोचत नाही. पण मनाला नको ते ती करवत नाही. मनात असतं ते बोलायची लाज तेवढी निजते."

"म्हणजे बोललं ते इकडचंच मन," मथुराबाई म्हणाल्या. "देवाला उगीच शीण."

तुळजाबाईंनी लेकाकडे रोखून पाहिलं. "अनंता, आता जागा आहेस ना? मग तेच आईच्या डोळ्यांत बघून बोल."

अनंतरावांनी मुकट्याचा काचा नीट केला. समईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"भूक लागलीय," ते म्हणाले.

"वाढ गं त्याला," तुळजाबाई उठल्या. "मांजरीला कुणी जायचं नाही."