कानिफनाथाला दिलंय

"मराठीसाठी तीन दाबा," फोनमधली बाई म्हणाली, आणि कडूबाईनं तीनचं बटण असं दाबलं की आरतीनं घाईघाईनं फोन आपल्याकडे ओढला.

"आई, काच फुटंल!"

"फुटू दे. पर कुनीतरी बोलू दे आधी."

कोणी बोललं नाही. सनई वाजायला लागली. मायलेकी ओट्यावर बसून दुसऱ्याच्या लग्नातली असावी तशी ती सनई ऐकत राहिल्या. समोर सगळी वस्ती सुनसान पडली होती. दिवाळी झाली की खर्डा गावाच्या आसपासच्या या वस्त्या रिकाम्या होतात. गाड्या येतात, माणसं बिऱ्हाडासकट ऊस तोडायला निघून जातात आणि मागं म्हातारीकोतारी तेवढी राहतात. कडूबाईही दरसाल जायची. यंदा मुकादमानं तिच्याकडं न बघताच सांगितलं, "नवरा-बायकू मिळून एक कोयता. तू आता अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कुठं घालू मी?" त्या दिवसापासून तिला जो राग आला होता तो अजून उतरला नव्हता. ती कांद्याच्या चाळीत रोजानं कांदे निवडायला जायची, आणि कांद्यांवरसुद्धा राग काढायची.

तशी ती मुळातच तापट. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापानं तिचं नाव कडू ठेवलं. कडू म्हटल्यावर मरण तोंड लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या बायकांसमोर ती म्हणाली होती, "मला कडू केलं, आन् माझ्या मानसाला गोड ठिवलं व्हय?" बायका चहा न पिताच उठल्या होत्या.

सनई थांबली. "नमस्कार, मी मोनिका. आपली काय मदत करू शकते?"

"माझं पारसल कुठं हाय त्ये सांग."

"नक्कीच मॅम. आपला कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहे. खातेधारकाचं पूर्ण नाव सांगाल का?"

आरती पुढं झाली. हे काम नेहमी तीच करायची; पार्सलही तिनंच बापाच्या जुन्या खात्यावरून मागवलं होतं. पण आज कडूबाईनं तिचा हात बाजूला सारला. "तुज्या म्होरं लिवलेलं असंल की नाव."

"हो मॅम, पण पडताळणीसाठी तुम्हालाच सांगावं लागेल."

 लग्न होऊन आल्यापासून कडूबाईनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्याची वेळ आली तरी ती पळ काढायची. त्यात पंचाईत अशी, की वस्तीच्या टोकाला जे देऊळ होतं तेही कानिफनाथाचंच. नवसानं झालेला मुलगा, म्हणून नवऱ्याला देवाचंच नाव पडलेलं. सगळी वस्ती देवळाला कानिफनाथ म्हणायची. कडूबाई मात्र 'थोरला देव' म्हणायची. थोरल्या देवाला नारळ, थोरल्या देवाची जत्रा. सासू हसायची, नवरा तर चिडवायचाच, "मंग धाकटा देव कोन?" तो विचारायचा, आणि ती हातातलं पीठ त्याच्या अंगावर उडवायची.

"मॅम, आपण लाईनवर आहात का?"

"कानिफनाथ," कडूबाई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. आरतीनं चमकून आईकडं बघितलं. "कानिफनाथ जायभाय. झालं समाधान?"

"धन्यवाद मॅम. आपलं पार्सल परवाच डिलिव्हर झालेलं आहे. कानिफनाथजींनी स्वतः स्वीकारल्याची नोंद आहे."

"कुनी घेतलं?"

"कानिफनाथजींनी."

"अगं बाई, त्ये गेल्या माघात वारलेत! फडावर ट्रॉली भरताना पडले. त्ये कुठून येत्यात पारसल घ्यायला?"

 पलीकडे बटणं वाजल्याचा आवाज. "ऐकून फार वाईट वाटलं, मॅम. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. पण खातं त्यांच्या नावावर असल्यामुळे तक्रार त्यांनीच करायला हवी. सुरक्षेसाठी आम्हाला खातेधारकाशी बोलावं लागतं. त्यांचा आवाज..."

इथं कडूबाईचा बांध फुटला.

"आवाज? तुला त्यांचा आवाज पायजे? मलाबी त्योच पायजे, बाई! त्याच्यासाठीच मागिवलं ना त्ये पारसल! त्यात काय सोनं हाय का? त्यांच्या फोनची बॅटरी हाय. जुना फोन, बॅटरी फुगून बंद पडलाय. आवाज त्यात अडकलाय. जामखेडच्या दुकानदारानं हात वर केले, ह्या फोनची बॅटरी येतच न्हाई म्हनला. तुमच्याकडं येकच उरली हुती, तीबी तुमी हरवली, आन् आता मलाच म्हनता त्यांना बोलवा! बोलवते की. बॅटरी दे, मंग बोलवते!"

आरतीनं डोळे पुसले. ते खरंच होतं. चेहरा भिंतीवर होता, हार घातलेला, पण आवाज विसरत चालला होता. कडूबाईला ते पावसाळ्यात लक्षात आलं. भाकरी थापताना तिनं सहज आठवून बघितलं, तर शब्द आठवले, आवाज काही केल्या आठवेना. ती चूल तशीच सोडून बाहेर येऊन बसली होती. मग आरतीला सुचलं की वडिलांच्या फोनमध्ये येणारेजाणारे सगळे फोन आपोआप रेकॉर्ड व्हायचे, तिनंच तसं लावून दिलं होतं. रेकॉर्डिंग कार्डात नव्हती, फोनच्याच पोटात होती, आणि फोन फुगलेल्या बॅटरीसकट फळीवर मरून पडला होता.

"काकू," मोनिका म्हणाली. मॅम नाही, काकू. आवाज खाली आणलेला. "मला कळतंय हो. पण माझ्या समोर तसं बटणच नाहीये. एकदा डिलिव्हर झालं दाखवलं की मला काहीच करता येत नाही. नवीन मागवायची म्हटली तर माल संपलाय."

"मंग त्या पारसलवाल्याचा नंबर दे."

"तो देता येत नाही, काकू."

फोन बंद झाला आणि लगेच निरोप टुणकला. आरतीनं वाचून दाखवला. 'प्रिय कानिफनाथ, आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.'

"इकडं ये म्हनावं," कडूबाई म्हणाली, "दिवसा तारे दाखवते."

ती उठली, पुन्हा बसली. काहीतरी आपटावंसं वाटत होतं, पण घरात आपटण्याजोगं फारसं नव्हतं. कंपनीवर राग, मुकादमावर राग, त्या पोरीवर तर धड रागावताही येईना म्हणून आणखी राग.

"आई, पारसलवाल्याचा फोन तर आलाच असंल की तुला," आरती म्हणाली. "त्यांना यायच्या आधी फोन करावाच लागतो."

"कुठला फोन? मी चाळीत हुते परवा. येका मुडद्याचा आला हुता तेवढा, तुज्या बापाची चेष्टा करत हुता. त्योच की, ज्याचा नंबर तुला बंद करायला लावला."

"काय म्हनाला त्यो?"

"मला न्हाई सांगायचं," कडूबाई म्हणाली. सांगायचं तर पुन्हा ते नाव घ्यावं लागलं असतं.

आरतीनं नंबर पुन्हा चालू केला आणि लावला. पलीकडून मोटारसायकलचा फटफटाट आणि वैतागलेला आवाज आला.

"कोन?"

"खर्ड्यातून बोलतेय. जायभाय वस्ती. तुमी पारसल..."

"आता सुचलं व्हय फोन करायचं? मी बिभीषन बोलतोय, पारसलवाला. त्या दिशी इतक्या लांब माळावर आलो. घराला कुलूप. वस्तीत चिटपाखरू न्हाई. मावशीला इज्जतीत फोन केला, तर मावशीनं माझ्या आईबापापतुर सगळं काढलं. पुन्हा लावला तर लागंना. माझी चूक काय हुती ते तर सांगा!"

कडूबाईनं फोन हिसकला. "चूक इचारतो? मेलेल्या मानसाच्या बायकूला फोन करून काय म्हनला तू? ह्यांना दिलंय म्हनला!"

"कुनाला? मी म्हनलो, कानिफनाथाला दिलंय. मंग? दिलंच हुतं. पुजाऱ्याच्या हातात दिलं. पत्त्यावरच लिवलंय, कानिफनाथ मंदिराजवळ. तुमच्याकडं समदे तसंच म्हनत्यात की, कानिफनाथाला ठेवा, कानिफनाथाला या. मी काय वायलं बोललो?"

आरतीचा हात तोंडावर गेला. "आई... देवळात दिलंय. थोरल्या देवाला!"

कडूबाईच्या हातात फोन तसाच राहिला. बिभीषण पलीकडून हॅलो हॅलो करत होता. ज्या नावाचे सगळ्या वस्तीला दोन अर्थ होते, त्याचा तिला जन्मभर एकच ठाऊक. तिचीच चूक होती, आणि तेवढ्यानं राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला, कारण आता तो कुणावर काढायचा हेच कळेना.

"ठिवते," ती फोनमध्ये म्हणाली. आणि मग, दात आवळून, "चुकलं माझं." पायात चपला न घालताच ती निघाली.

देवळाच्या ओट्यावर पुंजाराम पुजारी उन्हाला पाय सोडून बसला होता. म्हातारा वस्तीला राहिलेल्यांपैकी.

"बाबा, परवा येक खोकं आलं हुतं?"

"आलं हुतं की. देवाचं."

"देवाचं?"

"त्यावर नाव हाय ना छापील. मी वाचलं. कानिफनाथ, कानिफनाथ मंदिर. म्हनलं, कुन्या भक्तानं पुन्या-मुंबईहून पाठिवलं असंल. देवाच्या नावानं आलेलं मी कसं उघडू? देवाम्होरं ठिवलं. नारळबी फोडला त्याच्यावर."

कडूबाईनं दारातून आत बघितलं. समईच्या उजेडात ते खोकं होतं. वर हळदकुंकू, झेंडूचं सुकलेलं फूल, नारळाचं पाणी सांडून ओला झालेला कोपरा. या देवळात बायका उंबऱ्याच्या आत जात नसत. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरूनच हात जोडायच्या. कडूबाईनं पदर खोचला आणि उंबरा ओलांडला.

"अगं ए! बाईमानूस तू..." पुंजाराम धडपडत उठला.

"बसा बाबा गप," ती मागं न बघता म्हणाली.

ती देवासमोर उभी राहिली. इतक्या जवळून तिनं त्याला कधीच बघितलं नव्हतं. शेंदूर, चांदीचे डोळे. हात जोडायचे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"नवस करून घेतलेलं मानूस तुजं," ती म्हणाली, "आईबापानं तुज्याकडून मागून आनलेलं. मदीच नेलास. त्येवढ्यानं पोट भरलं न्हाई, म्हनून त्याच्या नावचं पारसलबी ठिवून घेतलंस? सगळंच तुजं व्हय रं? आमचं कायच न्हाई?" आवाज गाभाऱ्यात घुमला. बाहेर पुंजाराम कानावर हात ठेवून पुटपुटत होता. "कानिफनाथ," ती पुढं म्हणाली, नाव घेऊन, स्पष्ट, "ह्ये तुजं न्हाई. ह्ये माझ्या कानिफनाथाचं हाय."

तिनं खोकं उचललं, हळदकुंकू पदरानं पुसून काढलं आणि बाहेर आली. पुंजारामाला वाटलं ती आता त्याच्यावर घसरणार. पण ती फक्त म्हणाली, "नारळाचं खोबरं कुठं हाय? निम्मं आमचं." म्हाताऱ्यानं निमूटपणे वाटी पुढं केली.

घरी येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. खोक्याचा कोपरा ओला होता, पण आत प्लास्टिक होतं. आरतीनं बॅटरी फडक्यानं पुसली, फुगलेली जुनी काढली, नवी बसवली, फोन चार्जरला लावला. पडदा काळाच राहिला. कडूबाई भिंतीला टेकून बसली आणि फोनकडं अशी बघत राहिली की तो चालू झाला नाही तर त्याचीही धडगत नव्हती.

मग पडदा उजळला.

 आरतीनं रेकॉर्डिंगची यादी उघडली. "कुठलं लावू?"

"पयलं दिसंल त्ये लाव."

खरखर झाली. मग कुणीतरी परका माणूस म्हणाला, "हॅलो, पार्सल आहे तुमचं. पत्ता सापडत नाही. कानिफनाथ म्हणजे मंदिर ना?"

आणि मग तो. अगदी तोच. थोडा बसका, बोलता बोलता हसणारा, वाक्याच्या शेवटी वर जाणारा.

"न्हाई वो, दोन हायेत. येक देव, येक मी. लई घोटाळा व्हतो लोकांचा. तुमी देवाकडं ठिवू नगा, त्यो काय सही करनार न्हाई. मंदिरावरून सरळ म्होरं या, निळं दार दिसंल. बायकू कामावर गेली तरी काळजी नगा करू. या तुमी बिनघोर. मी हाय घरी."

टक्‌ आवाज झाला आणि रेकॉर्डिंग संपली. आरती गुडघ्यात डोकं घालून हुंदके द्यायला लागली. बाहेर निळ्या दारावर उतरतं ऊन पडलं होतं.

"लबाड," कडूबाई म्हणाली.

मग आरतीच्या पाठीवर हात ठेवून, थोड्या वेळानं, "लाव परत."