अर्थिंगचा बोल्ट

“चावी फिरव,” बॉनेटखालून फकरोद्दीन मिस्त्री म्हणाला.

मी फिरवली. सेल्फनं एक ‘टक’ केलं आणि तो गप्प झाला.

“परत.”

परत टक. दोन वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता, आणि तेही गाडीसाठी.

मागं मोसंबीचे क्रेट भरलेले, जालन्याला पोचवायचे. आणि पिकअप नेमकी वडीगोद्रीच्या फाट्यावर बंद पडली, मिस्त्रीच्या शेडसमोर. चौघांनी धक्का मारला, तर खोकली, धूर ओकली, मेली. माझी बायको सोनूबाई बहिणीकडं जायला म्हणून केबिनमध्ये बसलेली. ती म्हणाली, “जा ना समोर. लाज वाटून राह्यली का?”

वाटत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हरी अडलेला होता खरा, पण गाढव कोण होतं ते पुढं कळलं.

दोन वर्षांमागं, शहाण्णव साली, दिवाळीच्या तोंडावर मी याच माणसाला दहा जणांदेखत चोर म्हटलं होतं. “दसरा झाला की महिन्याभरात गाडीला हीच बिमारी,” मी ओरडलो होतो. “एवढा उस्ताद तू, अन् बिमारी जात न्हाई? खोट तूच ठेवून देतो, गिऱ्हाईक परत यावं म्हणून!” फकरोद्दीन काही बोलला नाही. फडक्याला हात पुसत राहिला. गप्प बसला म्हणजे कबूल झाला, असं मी धरलं. माझं डोकं असंच आहे, आधी तापतं आणि मग चालतं.

त्यानंतर मी जालन्याच्या एका इलेक्ट्रिशियनकडं जायला लागलो. काचेचं दुकान, भिंतीवर कॅलेंडर. त्यानं बॅटरी बदलली, डायनामो बदलला, सेल्फ बदलला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दिवाळी आली की गाडी पुन्हा आडवी. सोनूबाई म्हणायची, “फकरूभाई तसले माणूस न्हाईत हो.” मी म्हणायचो, तुला गाडीतलं काय कळतं.

“वैनी, उन्हात नका बसू,” फकरोद्दीननं केबिनकडं पाहत सांगितलं. “घरात जा. अकबरबी चहा करून राह्यली.” अकबरबी त्याची बायको, घर शेडच्या मागंच. सोनूबाई गेली.

त्यानं आधी डिझेल पाहिलं. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबला. डिझेल यायच्या जागी साबणासारखा फेस आला. मग टाकीपासून येणाऱ्या रबरी पाइपवरून त्यानं बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबला. पाइप टोकाशी तडकला होता. तेवढं टोक कापून त्यानं पाइप पुन्हा बसवला, क्लिप आवळली आणि फेस संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत पंप दाबत राहिला.

“हवा घेऊन राह्यली होती. म्हणून धक्क्यानं बी चालू झाली न्हाई,” तो म्हणाला. “पण सेल्फचं दुखणं वेगळं हाय. दोन बिमाऱ्या हायेत, एकीनं दुसरीला झाकलं.”

मग त्यानं एक जाड केबल आणली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला लावून धरलं. “मार.” मी चावी फिरवली आणि सेल्फ गरकन फिरला. त्यानं केबल काढली. पुन्हा टक.

“अर्थिंग,” तो म्हणाला.

बॅटरीच्या खालीच अर्थिंगची पट्टी चेसिसला बोल्टनं आवळलेली असते. त्यानं सतराचा पाना लावला. बोल्ट निघता निघेना. निघाला तेव्हा पट्टीखाली लाल-पिवळा थर होता, गुळाच्या कढईला तळाशी धरते तशी खरपुडी. मी नखानं खरवडली. नख लाल झालं. कुंकू होतं.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली आणि पॉलिशपेपर शोधायला लागला.

शहाऐंशी साली अंबडच्या अलीकडं पुलाखाली माझी गाडी उलटली होती. मला खरचटलंही नाही. गाडीनंच मला वाचवलं असं धरून, तिची पूजा करायला म्हणून सोनूबाईनं या मिस्त्रीला विचारलं होतं, भाई, गाडीची जान कुठं असती? तो कामात होता. बॅटरीत, वैनी, म्हणाला. झालं. सारं जग दसऱ्याला चाकापाशी नारळ फोडतं, आमच्याकडं त्या सालापासून बॅटरीपाशी फुटतो. हळद, कुंकू आणि वरून नारळाचं पाणी. ते पाणी खाली या बोल्टावर उतरत होतं, तिथं खरपुडी धरत होती आणि करंट अडत होता.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“पहिल्याच साली.”

“मंग बोलला काहून न्हाई?”

“काय बोलू? वैनी, तुमच्या पूजेनं गाडी बंद पडती, असं? अन् ते मी सांगू?” तो पट्टी घासत होता, वर बघत नव्हता. “जान बॅटरीत असती हे सांगितलं कोणी? मीच ना. म्हणून दसरा झाला की तुला बोलवायचो, ऑइल बघून जा म्हणून. खोलायचो, घासायचो, कसून द्यायचो.”

खरंच बोलवायचा. मी आज जाऊ, उद्या जाऊ करायचो, आणि गाडी बंद पडली की त्याच्यावरच उखडायचो. मी उगाच पाना उचलला आणि परत ठेवला.

लोखंड चकाकेपर्यंत त्यानं घासलं आणि बोल्ट आवळला. एका चावीत गाडी सुरू झाली. आवाज ऐकून सोनूबाई बाहेर आली.

“काय झाल्तं, भाई?”

“काही न्हाई, वैनी. बोल्ट ढिला होता. मागं मीच बराबर कसला न्हवता.”

सोनूबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “म्हंजे हे म्हणत होते ते खरं हाय?”

“हाव,” फकरोद्दीन म्हणाला. “खरं हाय.”

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि स्वतःचीच शरम वाटली. “खोटं बोलून राह्यला तो,” मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. नारळ, कुंकू, बोल्ट, दर साली त्याचं ते गुपचूप घासणं.

सोनूबाई तिथल्या एका जुन्या टायरवर बसली. “माझ्यापायी,” ती म्हणाली. “माझ्यापायी दोन वरसं तुम्ही चोर ठरले, भाई.” तिनं पदर तोंडाला लावला.

फकरोद्दीननं इंजिन बंद केलं. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला. “तातेराव, चोर म्हणला तवा तू रागात होता. ते मी मनात धरलं न्हाई. आज तर तू शुद्धीत हायस.”

माझं ओझं उतरलं होतं खरं, पण ते कुणाच्या डोक्यावर दिलं हे मी पाहिलंच नव्हतं. “माफ कर, मिस्त्री,” मी म्हणालो. तो पाने गोळा करत होता. त्या दिवशी तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

सोनूबाईनं पदरानं डोळे पुसले. “मंग भाई, नारळ फोडायचा तरी कुठं?”

फकरोद्दीननं पाने खाली ठेवले. गाडीचं कोणतंही काम तो जसं घेतो, तसाच त्यानं हा प्रश्नही घेतला. पिकअपभोवती एक चक्कर मारली. वाकून खाली पाहिलं, एका वायरीवर बोट ठेवून ती कुठं जाते ते शोधलं, मान हलवली, पुढं सरकला. मागच्या डाव्या चाकापाशी येऊन उकिडवा बसला आणि जमिनीवर हात ठेवला.

“हितं, वैनी. हितं एक बी वायर येत न्हाई.”

सोनूबाई उठली, जवळ गेली आणि वाकून तिनं ती जागा नीट पाहून ठेवली.